फरदड

जानेवारी लागला की खामगाव-नांदुऱ्याकडच्या कपाशीच्या शेतात एकदा उभं राहून पाहावं. तीन-चार वेचे होऊन गेलेले असतात. पानं तांबूस पडून गळालेली असतात, फुटलेल्या बोंडांच्या वाळक्या नख्या तेवढ्या फांद्यांवर उरलेल्या. पण शेंड्याकडे अजून दोन-चार हिरवी बोंडं दिसतात. विहिरीत थोडं पाणी असतं. मग मनात येतं, एक पाणी देऊन पाहू. अजून एक वेचा निघेल, थोडाथोडका का होईना. हंगाम सरल्यावरही असं ताणून धरलेल्या पिकाला आमच्याकडे फरदड म्हणतात.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर फरदड घेतली. सगळेच घेत. मग 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरून टाकली, आणि कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरू लागली की डिसेंबरअखेर पीक काढा, फरदड ठेवू नका, पऱ्हाटीची, म्हणजे वाळलेल्या झाडांची, गंजी घराशेजारी रचू नका. ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. खायला मिळेनासं झालं की वाळक्या बोंडात, पऱ्हाटीत, जिनिंगच्या कचऱ्यात निपचित पडून राहते. पुढच्या मृगात लावलेल्या कपाशीला पाती-फुलं धरली की पतंग होऊन तिथे पोचते. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत कवडी. मागच्या पिकाच्या चार किलोंच्या लोभापायी पुढचं पीक जातं.

आमच्या मंडळीतल्या बायकांचा बायबल-अभ्यास मी बरीच वर्षं घेते आहे. काही घाटाखालच्या, काही घाटावर चिखली-मेहकरकडून सासरी आलेल्या. या पुस्तिकेतले पाठ त्या बैठकांमध्ये तयार झाले. विषय एकच आहे, मागचं मागे ठेवून विश्वासात वाढत जाणं. सुरुवातीला मला वाटलं होतं, हा विषय पापाचा आहे. दारू, भांडणं, खोटेपणा, नवस-गंडे, हे मागचं आयुष्य सोडायचं आणि पुढे चालायचं. पण बायका बोलू लागल्या तसं दिसलं की पाप सोडायला माणूस एका परीनं तयार असतो, कारण त्याची लाज वाटत असते. सुटत नाही ते चांगलं पीक. ज्या पिकानं एकदा भरभरून दिलं, ते उपटायला हात धजत नाही.

संत पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय या पुस्तिकेच्या मुळाशी आहे. मागचं विसरण्याची गोष्ट तो तिथे करतो. आपण तेवढीच ओळ पाठ करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतो. तिच्या आधी त्यानं काय मोजून दाखवलं आहे, ते मात्र सहसा वाचत नाही. आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्री घराणं, परूश्यांची शिस्त, नियमशास्त्रात कुणाला बोट ठेवता येऊ नये अशी वागणूक. ही सगळी त्याच्या मानाची यादी आहे. मंडळीचा छळ केल्याचाही उल्लेख तिथे येतो, पण आवेशाचा पुरावा म्हणून, एके काळी त्याला ज्याचा अभिमान होता अशी गोष्ट म्हणून. हे सगळं तो तोट्याच्या रकान्यात मांडतो. पौलाला मागे टाकायला सर्वांत जड गेलं असेल ते त्याचं चांगलं नाव. मूळ ग्रीकमध्ये ‘विसरणं’ आणि ‘पुढे झेपावणं’ ही दोन्ही क्रियापदं चालू असलेल्या क्रियेची आहेत. एकदाच विसरून मोकळं झालेला माणूस तिथे बोलत नाही. तो विसरत विसरत धावतो आहे, आणि हे पत्र लिहिताना तो कैदेत आहे.

आमची फरदड कोणती, हे सांगायचं तर थोडं जुन्यात जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम सुरू झालं. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर ही त्यांची ठाणी. 1896-97 आणि त्यापाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ पडला, तेव्हा आईबापांवेगळी झालेली मुलं मिशननं सांभाळली, खामगावात मुली आणि अकोल्यात मुलगे. आमच्या मंडळीतल्या कित्येक घरांची वंशावळ तिथवर जाऊन थांबते. पणजी कुठल्या गावची, तिच्या आईचं नाव काय, तिला कितवं वर्ष लागलं होतं, काही सांगता येत नाही. मागचं सोडा, असं या लोकांना कुणी सांगायची गरजच पडली नाही. दुष्काळानं ते ओरबाडून नेलं होतं. मग त्यांच्या मुला-नातवंडांनी मिशन कंपाउंडालाच आपलं मूळ मानलं. बंगल्यासमोरचं चिंचेचं झाड, मडमसाहेबांनी दिलेलं हार्मोनियम, नाताळची बक्षिसं, शिस्तीचं संडे स्कूल. ते दिवस खरंच चांगले होते, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या बाईला वाटेवर मरायला टाकलं होतं, तिला कुणी अक्षर शिकवलं असेल तर त्या उपकाराचं मोल शिकवणाऱ्याच्या व्याकरणाच्या चुका काढून कमी होत नाही.

पण आज शंभर वर्षं उलटून गेली तरी आम्ही त्याच पिकाचे शेंडे धुंडाळतो आहोत. साक्ष द्यायला उभं राहिलं की आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात. ज्यानं पस्तीस वर्षांपूर्वी एका शिबिरात प्रभूला आयुष्य दिलं, तो दर वर्षी त्याच शिबिराची साक्ष देतो, तेच शब्द, तिथेच भरून येणारा गळा. मी स्वतःही हे केलं आहे. एकदा साक्ष देऊन बसले तेव्हा शेजारी बसलेल्या सहावीतल्या पोरीनं हळूच विचारलं, “मॅडम, त्याच्यानंतर काय झालं?” पस्तीस वर्षांत नंतर काय झालं, याचं मला चटकन उत्तर सुचलं नाही.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची गोष्ट आहे. रानात रोज सकाळी पडणारं ते अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नव्हतं. काहींनी ठेवलं, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती, आणि ते नासलं नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच अध्यायाच्या शेवटी देव मोशेला एक भांडं भरून मान्ना पिढ्यानपिढ्यांसाठी राखून ठेवायला सांगतो. म्हणजे मागचं राखायला देवाची मनाई नाही. ते त्याच्यापुढे ठेवायचं असतं, पाहायचं असतं, मुलांना दाखवायचं असतं. खायचं मात्र नसतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी तो अध्याय बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आजीचं जुनं बायबल, आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला, ते शिबिर, यांतलं मला काहीच टाकायचं नव्हतं. ते भांड्यात ठेवायचं होतं. मी त्यावर जेवत होते, ही चूक होती.

मराठी माणसाला हा धडा शिकायला दूर जायची गरज नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. घर, नाती, जातीतलं स्थान, सगळं त्यांच्या हातून गेलं. एवढं सोडलेल्या माणसाला पुढे काही सोडावं लागू नये, असं आपल्याला वाटतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना काम मिळालं, मान मिळाला, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून लिहिता आलं. बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती ढासळत चाललेली. ख्रिस्तासाठी पहिलं घर सोडल्यावर जे दुसरं घर मिळालं, तेही त्यांनी आपल्या मानाची जागा होऊ दिलं नाही. 1919 च्या मे महिन्यात ते वारले. दरबार फार काळ टिकला नाही, म्हणून कुणी त्याला फसलेला प्रयोग म्हणतात. मला तसं वाटत नाही.

आणि याच टिळकांनी तुकोबांना सोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो, असं ते सांगत. इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मंडळीच्या हातात त्यांनी अभंग, भजन, कीर्तन दिलं. नव्या विश्वासात आलेल्या तरुणांना आज कुणी कुणी सांगतं की जुनं सगळं जाळा, आजीच्या ओव्यासुद्धा. या पुस्तिकेचं म्हणणं ते नाही. शेतकरी पऱ्हाटी उपटतो, पण शेताची माती उपसून फेकत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याहून कठीण आहे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतरानं त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांसारख्या पंडिताच्या घरात अन्नाचा कण नव्हता, आणि भीक मागता येत नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरायला टेकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं ‘मुक्ती’ त्यातून वाढलं. ज्या दुष्काळानं आईला नेलं, तशाच दुष्काळात त्या परत गेल्या. त्या दुःखाला कवटाळून बसल्या असत्या तर ते पाऊल उचललं गेलं नसतं. ते विसरून गेल्या असत्या तरी नसतं. वडिलांनी दिलेलं संस्कृतही त्यांनी टाकलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही मुक्तीतल्या साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. ज्या पांडित्यानं कलकत्त्यात त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी मिळवून दिली होती, ते त्यांनी चूल फुंकणाऱ्या बाईच्या वाचनासाठी वापरलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर ते काम हातावेगळं झालं होतं.

नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांबद्दल मला सर्वांत जास्त जिव्हाळा आहे. सोवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात त्या वाढल्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिल्या. नंतर जवळ आल्या तरी चूल वेगळी ठेवली. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो कुणाच्या व्याख्यानानं नव्हे. माणसांत हा भेद केला कुणी, असा विचार त्यांनी स्वतःशीच केला, आणि एकदा पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मागचं काहीही वगळलेलं नाही. वडिलांचं सोवळं, सासरचा जाच, नवऱ्याचा लहरीपणा, भूक, ताटातूट, सगळं तिथे आहे, आणि पानापानावर हसू आहे. मागचं सोडणं म्हणजे त्याबद्दल गप्प बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पुस्तक वाचावं. ज्या जखमेला अजून हात लावता येत नाही, तिच्याबद्दल माणसाला असं लिहिता येत नाही.

जातीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलते. मराठी मंडळीतली कितीतरी घराणी अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांमधून आली. त्यांच्या पूर्वजांना ख्रिस्तात आपण कुणाचे तरी आहोत हे समजलं, आणि ती त्यांच्यासाठी ताठ उभं राहण्याची गोष्ट होती. पण त्यांचा भूतकाळ इतरांनी सोडला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळालेला नाही. कागदावर जात नाही आणि गावात ती रोज आहे, अशा कात्रीत ही माणसं जगतात. अशा माणसाला “मागचं विसर” म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. विसरायचं ते विचारणाऱ्यानं. आमच्याच मंडळ्यांमध्ये सोयरीक जमवताना आवाज खाली करून “पूर्वीचे कोण?” असं विचारलं जातं. तो प्रश्न ही आमची सर्वांत जुनी फरदड आहे. प्रभुभोजनाच्या एकाच मेजावरून उठून गेल्यावर हा प्रश्न तोंडातून निघत असेल, तर आमच्या आत्मिक वाढीच्या गप्पा कशाच्या आधारावर चालल्या आहेत?

तसंच, ज्या बाईला घरात मार बसतो, ज्या मुलीवर कुणी हात टाकला, तिला कुणीही या पुस्तिकेतला एखादा पाठ वाचून दाखवून गप्प करू नये. हे मी हात जोडून सांगते. जक्कयानं मागचं सोडलं तेव्हा जे लुबाडलं ते चौपट परत द्यायला तो निघाला. पेत्रानं येशूला तीन वेळा नाकारलं होतं, आणि उठलेल्या येशूनं त्याला ती गोष्ट टाळून पुढे जाऊ दिलं नाही. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता. पेत्र ज्या रात्री घसरला तेव्हाही त्याच्यासमोर कोळशांचाच विस्तव होता. त्याच धगीपाशी येशूनं त्याला तीन वेळा विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं. ज्यानं चूक केली त्याच्यासाठी मागे सोडण्याची वाट त्या विस्तवाजवळून जाते. ज्याच्यावर चूक घडली त्याच्यासाठी आधी कुणीतरी ऐकणारं लागतं. मग वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे बाहेरच्यानं ठरवू नये.

माझी स्वतःची गोष्ट याहून फार लहान आहे, पण ती लपवून ही प्रस्तावना लिहिणं बरं दिसणार नाही. वडिलांच्या मागे शेताचे दोन भाग झाले, एक माझ्या भावाचा, एक माझा. मधला धुरा त्यानं माझ्या बाजूला हातभर सरकवला, असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं वेगळं. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. त्या नऊ वर्षांत मी दर आठवड्याला बायकांना क्षमेवर शिकवत होते. मनात मात्र सगळे पुरावे लावून ठेवलेले होते, तलाठ्याचा नकाशा, वडिलांचे शब्द, वहिनीचं एक वाक्य. कधीही काढावेत आणि पाहावेत. त्यातून मला एक प्रकारचं पोषण मिळत होतं, हे आता कळतं. आपण बरोबर आहोत, ही भावना फार चविष्ट असते.

लहानपणी वडील मला नांगरणीला सोबत नेत. एकदा हट्टानं मी नांगराचा रुमणा हातात घेतला. दोन पावलं गेले आणि तास नीट पडलं का म्हणून वळून पाहिलं. बैल डाव्या अंगाला ओढले गेले. वडील कासरा आवळत म्हणाले, “मांगं पाह्यलं का तास वाकडं होते, पोरी. तिकडच्या धुऱ्यावरचा लिंब पाह्य आन् चाल.” लूकच्या नवव्या अध्यायात येशू नांगराला हात घातल्यावर मागे पाहण्याबद्दल बोलतो. ते मी कॉलेजात गेल्यावर वाचलं, तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही. मागे पाहणाऱ्याला तो शिव्या देत नाही. असा माणूस राज्याच्या कामाला उपयोगाचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं, आणि नांगर धरलेल्या कुणालाही ते पटेल.

ज्या लिंबाकडे पाहायचं तो आमच्यासाठी ख्रिस्त आहे. या पुस्तिकेत ‘सोडा’ हा शब्द मी जाणूनबुजून कमी वापरला. सोडण्यावर नजर ठेवली की माणूस जे सोडायचं त्याच्याकडेच पाहत राहतो. पौलसुद्धा आधी ख्रिस्ताला ओळखण्याच्या थोरवीबद्दल बोलतो, आणि बाकीचं त्यापुढे फिकं पडतं.

पाठ बारा आहेत. ओळीनंच वाचले पाहिजेत असं नाही. ज्यांच्या घरात वाटणीचं भांडण आहे त्यांनी सातवा आधी घ्यावा. ज्यांना एकेकाळी मोठा आत्मिक अनुभव आला आणि आता कोरडं वाटतं, त्यांनी चौथा. प्रत्येक पाठाच्या शेवटी रिकामी जागा ठेवली आहे, तिथे चालू वर्षातलं काही लिहावं. मागच्या वर्षातलं नको. आमच्या बैठकीत याच जागेपाशी सर्वांत जास्त वेळ लागला. दोघी-तिघींनी तीन आठवडे ती कोरी ठेवली. एकीनं चौथ्या आठवड्यात एक ओळ लिहिली, की सासूच्या पायाला तेल लावलं. तिनं ती वाचून दाखवली आणि खाली बसली.

मागच्या जानेवारीत मी शेतात गेले होते. भाऊ त्याच्या बाजूला चिमट्यानं पऱ्हाटी उपटत होता, एकटाच. मजूर मिळाले नव्हते. धुऱ्यावर उभी राहून मी बराच वेळ पाहत राहिले. मग पदर खोचला, पायातल्या चपला लिंबाखाली काढल्या आणि त्याच्या रांगेला लागले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं दुसरा चिमटा आणून त्यानं माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाला, “हातानं नको उपटू, सालटं निघतीन.” दुपारपर्यंत आम्ही सहा रांगा काढल्या. धुऱ्याचा विषय अजून निघालेला नाही.

खामगाव, मृगाच्या आधी